ताळा

सकाळी सातला आस्गाइर दाराशी बादली ठेवतो.
बर्फात हेरिंग, त्यातल्या नरांची पांढरी गाभोळी,
मऊ, बोटं बधिर करणारी.
"डॉक्टरीणबाई, ह्याचं करता तरी काय?"
मी डॉक्टर नाही. मी गुनवोर, मदतनीस.
बर्गनच्या या तळघरात बाटल्या धुते, आम्लं मोजते,
पगार हिशेबनिसाएवढा.
कामही तेच म्हणा.

गाभोळीतून धागा निघतो.
पाहुण्यांना आम्ही रेशमासारखा म्हणतो;
खरं सांगायचं तर शेंबडासारखा.
तो आम्लात मोडेपर्यंत तापवायचा,
थेंब कागदाच्या टोकाशी ठेवायचा,
कागद ब्यूटॅनॉलच्या पेटीत रात्रभर टांगायचा.
घरी गेले तरी केसांना तोच वास.
मांजर जवळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली
कागद निळसर उजळतो
आणि त्यावर चार काळे डाग,
कुणी लवकर दमलेला, कुणी पार पुढे गेलेला.
डाग कात्रीनं कापून काढायचे.

कात्री घेतली की हालवरचं पत्र आठवतं,
बेचाळीसच्या हिवाळ्यात छावणीतून आलेलं,
जर्मन तपासनीसानं जागोजाग खिडक्या पाडलेलं.
फार नेटकं कापायचा तो माणूस.
माझ्याहून नेटकं.

वहीत लिहिते:
ॲडेनिन २७.८
थायमिन २७.५
ग्वानिन २२.२
सायटोसिन २२.५
बेरीज शंभर. ताळा जमला.

पण आत दुसराही एक ताळा होता,
कुणी न मागितलेला.
पहिल्या दोन ओळी एकमेकींना बिलगून,
खालच्या दोन एकमेकींना.
"योगायोग," डॉ. ब्रेक्के म्हणाले, "पुन्हा करा."

पुन्हा केलं.
वासराच्या गळ्यातली ग्रंथी केली,
बिअरच्या कारखान्यातलं यीस्ट केलं,
क्षयाचे जंतू केले, आईला नेणारे.
तिथं पारडं साफ उलटं,
ग्वानिन पस्तीस, ॲडेनिन पंधरा;
तरी पस्तिसाला पस्तीस, पंधराला पंधरा.
मारणाऱ्याचाही जमाखर्च चोख.
"पुन्हा करा," डॉ. ब्रेक्के म्हणाले.

दोन वर्षांनी इंग्लंडहून एक अंक आला.
थोडा मजकूर, एक आकृती:
दोन धागे एकमेकांभोवती वळलेले, तोंडं आत.
ॲडेनिनसमोर थायमिनच,
ग्वानिनसमोर सायटोसिनच,
हलक्या हातानं धरलेले, सोडवता येतील असे.
सारखे नव्हेत. जोडीचे.
एक धागा हरवला
तर दुसऱ्यावरून तो पुन्हा लिहून काढता येईल.

डॉ. ब्रेक्के बराच वेळ खिशात काडेपेटी शोधत राहिले.
मी बाटल्या धुतल्या.
माझ्या वहीनं 'किती' ते सांगितलं होतं,
कशामागून काय, ते नाही.
वाक्य मोडून
नुसती अक्षरं मोजत बसले होते मी.

त्या रात्री हालवरचं पत्र दिव्यासमोर धरलं.
पहिली खिडकी.
मी विचारलं होतं, पाठवलेला लोकरी सदरा मिळाला का?
पुढं तो लिहितो, "पण वाईट वाटून घेऊ नकोस."
म्हणजे इथं 'नाही' होतं.
दुसरी खिडकी. मी विचारलं होतं, खोकला?
इथं 'वाढलाय', किंवा तसंच काही.
उत्तर कधी प्रश्नासारखं दिसत नाही,
पण असतं त्याच्याच मापाचं.
एकेक भोक भरत गेलं,
अकरा वर्षांनी.

शेवटचं सगळ्यांत मोठं,
सहीच्या अगदी वर, तीन ओळींचं.
तिथं मी काय विचारलं होतं?
काही विचारलं होतं का?
माझ्या पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती.
ते त्याच्या खिशात होतं,
आणि त्याच्याबरोबरच गेलं.

भोकातून दिव्याचा उजेड टेबलावर पडला होता,
तीन ओळींएवढा.
किती वेळ कोण जाणे.
सात वाजता आस्गाइरच्या बादलीचा आवाज तळघरात व्हायचा;
त्या दिवशी तो ऐकायला
मी तिथं नव्हते.